गिटारच्या पायपेटीचें अंतरंग

बंद पडलेलें घड्याळ हातीं लागलें असतां तें उघडून पाहण्याचा मोह ज्यास झाला नाहीं असा विद्यार्थी विरळाच. पुष्कळ घरांत या मोहाचा शेवट चाकांच्या ढिगाऱ्यांत व वडिलांच्या रागांत होतो, हें खरें. तथापि त्याच मोहास थोडी शिस्त लावली तर त्यांतून एक स्वतंत्र विद्या निर्माण होते. तयार वस्तु समोर ठेवावयाची, तिच्या कर्त्यानें काढलेला आराखडा आपणांजवळ नाहीं हें गृहीत धरावयाचें, आणि वस्तूच्या अंगावरील खुणांवरून तो आराखडा पुन्हां काढावयाचा, असें या विद्येचें स्वरूप आहे. इंजिनियर आराखड्याकडून वस्तूकडे जातो. येथें आपण वस्तूकडून आराखड्याकडे, म्हणजे उलट वाटेनें, जातों. म्हणून हिला उलट अभियांत्रिकी असें नांव पडलें आहे. प्रस्तुत लेखांत तिचें एकच उदाहरण, परंतु सविस्तर, सांगावयाचें आहे. तें मुद्दाम असें निवडलें आहे कीं, त्यांतील यंत्र नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालतें, त्यांत भाग थोडे आहेत, आणि त्याच्याविषयीं बाजारांत भोळ्या समजुती मात्र फार आहेत.

पायपेटी म्हटली कीं आपल्याकडे पायानें भाता हलवून वाजविण्याची हार्मोनियम डोळ्यांपुढें येते. ही पेटी तशी नव्हे. विजेच्या गिटारीपासून निघालेली वायर हिच्यांत एका बाजूनें शिरते व दुसऱ्या बाजूनें बाहेर पडून ध्वनिवर्धकाकडे जाते. वादक उभ्याउभ्या पायानें वरचें बटण दाबतो, आणि गिटारीचा स्वच्छ स्वर एकाएकीं दाट, किंचित् घोगरा व लांब टिकणारा होतो. वादक लोक हिला पेडल म्हणतात, व हिच्या या विशिष्ट जातीस ओव्हरड्राइव्ह.

स्वच्छ स्वर बिघडविण्यासाठीं पैसे देऊन यंत्र विकत घ्यावें, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल. परंतु तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात, ती तरी कशासाठीं? धाग्यामुळें तार घोडीच्या पृष्ठभागास अशा रीतीनें स्पर्श करते कीं, मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर झणझणूं लागतात, व कोरडा आवाज भरदार होतो. मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांचें बरेंचसें कसब ही घोडी घासण्यांत आहे. ओव्हरड्राइव्हची पेटीही उपस्वरच निर्माण करते. फक्त घोडी व धागा यांच्या जागीं तिच्यांत दोन इवलेसे डायोड असतात.

या प्रकाराचा उगम चक्क बिघाडांत झाला. पूर्वींच्या ध्वनिवर्धकांत कांचेचे व्हॉल्व्ह असत, आणि त्यांच्या शक्तीबाहेर काम सांगितलें कीं ध्वनितरंगाचीं टोकें दबून आवाज घोगरा होई. १९५१ सालच्या 'रॉकेट ८८' या गाण्याच्या मुद्रणाच्या वेळीं विली किझार्ट या वादकाचा ध्वनिवर्धक बिघडलेला होता. तशाच आवाजांत गाणें मुद्रित झालें आणि लोकांस आवडलें. पुढें १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यांत ग्रेडी मार्टिनच्या वादनाचा स्वर मुद्रणयंत्राच्या एका नादुरुस्त भागांतून गेला व फाटला. हाच दोष हवा तेव्हां उत्पन्न करतां यावा म्हणून ग्लेन स्नॉडी या मुद्रण-इंजिनियरानें ट्रान्झिस्टरांच्या साहाय्यानें एक मंडल तयार केलें, व गिब्सन कंपनीनें तें १९६२ सालीं 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस आणलें. दुरुस्तीसाठीं पैसे घेणारे लोक जगांत नेहमींच होते. बिघाडासाठीं पैसे घेण्याचा मान बहुधा याच धंद्यास मिळाला असावा.

आतां आपल्या उदाहरणाकडे वळूं. जपानांतील निश्शिन ओन्पा या कंपनीनें बनविलेली व इबानेझ या छापानें विकली गेलेली 'ट्यूब स्क्रीमर' नांवाची हिरवी पेटी १९७९ च्या सुमारास बाजारांत आली. तिचें मंडल सुसुमु तामुरा यानें आंखलें. तिच्या या रूपास टीएस ८०८ व १९८२ मध्यें आलेल्या पुढील रूपास टीएस ९ असें म्हणतात. टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–१९९०) यानें ती वापरल्यामुळें तिची कीर्ति फार पसरली, आणि जुन्या पेट्यांच्या किंमती नव्या पेट्यांच्या अनेक पटींनीं चढल्या. किंमत चढली कीं तिच्यामागें कांहींतरी गूढ असलें पाहिजे, असें मनुष्यास वाटूं लागतें. हें गूढ आंतील आठ पायांच्या एका चिपमध्यें, जेआरसी ४५५८ या चिपमध्यें, सांठलेलें आहे असा समज रूढ झाला, व तीच चिप वेगळी विकून पैसे करणारेही निघाले. समज खरा कीं खोटा हें वादविवादानें ठरण्याजोगें नाहीं. पेटी उघडली पाहिजे.

प्रथम बॅटरी काढावी, मग तळाचा पत्रा. पत्रा निघतांच वायरींचें जाळें दिसूं लागतें, आणि हात शिवशिवूं लागतात. परंतु कोणत्याही वायरीस हात लावण्यापूर्वीं ती कोठून कोठें जाते याचें चित्र काढून ठेवावें. एखादी वायर तुटल्यावर स्मरणशक्तीवर विश्वास टाकणें ही फार महागाची गोष्ट ठरते. या पहिल्याच चित्रांत एक मौज आढळते. गिटारीची पिन ज्या भोंकांत घालतात तेथें दोन पट्ट्या पुरल्या असत्या, पण असतात तीन. आणि बॅटरीचें ऋण टोंक ग्राउंडास न जोडतां तिसऱ्या पट्टीस जोडलेलें असतें. पिन आंत शिरली म्हणजे तिच्याच धातूनें ही पट्टी ग्राउंडास मिळते व पेटी चालूं होते. वेगळें स्विच वांचलें! वादन संपल्यावर पिन काढली नाहीं तर रातोरात बॅटरी कां उतरते, त्याचेंही कारण हेंच.

आंतील पाटीच्या एका अंगास सुटे भाग व दुसऱ्या अंगास तांब्याच्या वाटा असतात. आपणांस दोन्ही एकाच वेळीं पाहावयाच्या आहेत. पूर्वीं यासाठीं झिरझिरीत कागदावर नक्कल काढीत. आज दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेऊन त्यांतील एक आरशांतल्याप्रमाणें उलटें करून दुसऱ्यावर ठेवतां येतें. उलटें करावयास विसरलें तर चिपचा पहिला पाय आठव्याच्या जागीं येतो, आणि पुढचें सर्व चित्र चुकतें. यानंतर भागांचीं मूल्यें वाचावयाचीं. रोधकांवर रंगीत पट्टे असतात: पिवळा, जांभळा व तांबडा म्हणजे ४,७०० ओहम, हिरवा, तपकिरी व नारिंगी म्हणजे ५१,००० ओहम. कंडेन्सरवर ४७३ असा आंकडा छापलेला असेल तर ४७ वर तीन शून्यें, म्हणजे ४७,००० पिकोफॅरड, अर्थात् ०.०४७ मायक्रोफॅरड समजावे. मीटर लावून रोधक मोजण्यास हरकत नाहीं, पण पाटीवर बसलेला रोधक मोजतांना प्रवाहास दुसऱ्या वाटाही मोकळ्या असल्यामुळें मीटर खऱ्यापेक्षां कमी आंकडा दाखवील. शंका आल्यास त्याचा एक पाय डाखांतून सोडवून मग मोजावें.

अनोळखी मुलुखांत वाट शोधणारा मनुष्य आधीं नदी व डोंगर शोधतो. या पाटीवर नदीचें काम ग्राउंडची रुंद तांब्याची वाट करते, व डोंगर म्हणजे चिप. चिपच्या पायांचा क्रम छापील तक्त्यांतून सहज मिळतो: चौथा व आठवा पाय बॅटरीसाठीं, पहिला व सातवा हीं बाहेर जाण्याचीं द्वारें, दुसरा, तिसरा, पांचवा व सहावा हीं आंत येण्याचीं. म्हणजे एका कवचांत दोन स्वतंत्र वर्धक आहेत. बॅटरीच्या नऊ व्होल्टांचे दोन सारख्या रोधकांनीं निम्मे भाग केलेले आढळतात; गिटारीचा तरंग वर व खालीं सारखा झुलावा म्हणून साडेचार व्होल्टांचा हा मध्यबिंदु लागतो. ट्रान्झिस्टर मोजले तर ते बरेच भरतात, पण त्यांतील दोनच स्वराच्या मार्गांत आहेत, एक आंत घेण्यास व एक बाहेर देण्यास; बाकीचे केवळ पायाच्या बटणाच्या सेवेस आहेत. पाटीच्या इतक्या मोठ्या भागाचा स्वराशीं कांहीं संबंध नाहीं, हें कळलें कीं काम हलकें होतें.

आतां आपण मर्मस्थानाजवळ आलों. पहिल्या वर्धकाचें बाहेरचें द्वार व त्याचें उलटें आंतलें द्वार यांच्या दरम्यान दोन लहान कांचेचे डायोड शेजारी शेजारी बसविलेले दिसतात. डायोड म्हणजे विजेसाठीं एकाच दिशेनें उघडणारें दार. मीटरच्या डायोड-तपासणीवर सिलिकॉनचा डायोड एका दिशेनें सुमारे ०.६ व्होल्ट दाखवितो व दुसऱ्या दिशेनें कांहींच नाहीं. येथें मात्र मीटरच्या सळया उलटसुलट कशाही लावल्या तरी ०.६ च येतात. घाईचा मनुष्य म्हणेल कीं डायोड जळला. पण जळून आंतून चिकटलेला डायोड शून्याजवळचा आंकडा दाखवील, दोन्हीकडून ०.६ याचा अर्थ एवढाच कीं दोन दारें विरुद्ध दिशांनीं उघडणारीं आहेत. अंगावरचे काळे पट्टे पाहिले तर ते खरोखरच विरुद्ध टोंकांना असतात. या डायोडांना समांतर असा ५१,००० ओहमांचा रोधक व त्यापुढें 'ड्राइव्ह' नांवाची ५,००,००० ओहमांची फिरती खुंटीही आहे; तिच्यामुळें तर मीटर फसला नसेल ना? नाहीं. मीटर सुमारें एक मिलिअँपिअर प्रवाह ढकलतो, आणि ५१,००० ओहमांतून तेवढा प्रवाह जाण्यास ५१ व्होल्ट लागतील. मीटरपाशीं तेवढे नाहींत. अशा लहानलहान शंकांचें निरसन आंकड्यांनीं करीत पुढें जाणें, हाच या विद्येचा खरा आनंद आहे.

मंडल हातीं आलें. तें काय करतें तें आतां पाहूं. वर्धकाचा स्वभाव वाण्यासारखा आहे. एका पारड्यांत वजन पडलें कीं कांटा मध्यावर येईपर्यंत वाणी दुसऱ्या पारड्यांत जिन्नस टाकीत राहतो. त्याचप्रमाणें हा वर्धक आपल्या दोन्ही आंतल्या द्वारांवरील दाब समान होईपर्यंत बाहेरचा दाब वाढवीत किंवा घटवीत राहतो. उलट्या द्वारापासून ४,७०० ओहमांचा रोधक व त्यापुढें ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असे दोघे ग्राउंडास गेलेले आहेत. सेकंदास तीनएक हजार कंपनांच्या तरंगास कंडेन्सरचा अडथळा जवळजवळ नाहीं असें धरूं. गिटारीकडून ०.१ व्होल्ट आले, तर ४,७०० ओहमांवरही ०.१ व्होल्टच पडले पाहिजेत. म्हणजे त्यांतून सुमारें २१ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहिला पाहिजे. हा प्रवाह डायोड व खुंटी यांच्या वाटेनेंच यावयाचा. डायोड नसते आणि खुंटी पूर्ण फिरविलेली असती, तर एकंदर ५,५१,००० ओहमांवर पावणेबारा व्होल्टांच्या आसपास दाब लागला असता. बॅटरीच मुळीं नऊ व्होल्टांची!

परंतु दाब अर्ध्या व्होल्टाच्या जवळ येतांच डायोडचें दार किलकिलें होतें, व प्रवाह खुंटीची बिकट वाट सोडून तिकडून जाऊं लागतो. म्हणून बाहेरचा दाब आंतले ०.१ व डायोडवरचे साडेचार दशांशांच्या आसपास, मिळून सुमारे ०.५५ व्होल्टांवर थांबतो. आतां वादकानें तार दुप्पट जोरानें छेडली असें समजा. प्रवाह दुप्पट झाला. पण डायोडचा गुण असा आहे कीं त्यांतील प्रवाह दसपट केला तरी त्यावरील दाब साधारण एक दशांश व्होल्टानेंच वाढतो. दुप्पट प्रवाहास ०.०३ व्होल्ट पुरे. तेव्हां बाहेर सुमारें ०.६८ व्होल्ट मिळतील. आंत दुप्पट, बाहेर जेमतेम सव्वापट. तरंगाचीं टोकें दबतात तीं अशीं. आणि तार हळूहळू शांत होत असतां बाहेरचा आवाज मात्र फारसा उतरत नाहीं, म्हणून स्वर लांब टिकल्यासारखा वाटतो.

येथें एक बारकावा आहे, आणि माझ्या मतें या पेटीचें सौंदर्य त्यांतच आहे. बाहेरच्या दाबांत आंतला मूळ तरंग नेहमींच मिळविलेला असतो, त्यामुळें टोकें सपाट कापलीं जात नाहींत, नुसतीं वाकतात. दुसऱ्या एका जातीच्या पेट्यांत, उदाहरणार्थ १९७० नंतरच्या दशकांत निघालेल्या एमएक्सआर कंपनीच्या 'डिस्टॉर्शन प्लस' पेटींत, डायोडांची जोडी वर्धकाच्या पुढें बाहेरच्या वाटेवरून सरळ ग्राउंडास नेलेली असते. तेथें तरंग डायोडच्या दाबापर्यंत चढतो आणि सुरीनें कापावा तसा थांबतो. आवाज अधिक करकरीत होतो. त्या पेटींत डायोड जर्मेनियमचे आहेत. त्यांचें दार तीन दशांश व्होल्टांच्या आंतच उघडतें. ट्यूब स्क्रीमरमध्यें सिलिकॉनच्या जागीं जर्मेनियमचे डायोड लावून पाहिले तर आवाज लहान होतो व लवकर घोगरा होतो. तांबडा प्रकाश देणारे डायोड लावले, ज्यांना दीड व्होल्टाहून अधिक दाब लागतो, तर आवाज मोठा व स्वच्छ होतो. भाग तेच, जागा व धातु निराळी, कीं स्वरांत एवढा पालट.

संगीताच्या भाषेंत या सर्वांचा अर्थ काय? दोन्ही डायोड सारखे असल्यामुळें तरंगाचा वरचा व खालचा अर्धा भाग सारखाच दबतो. आणि गणितानें असें सिद्ध होतें कीं, असा तरंग मूळ स्वराच्या केवळ विषम पटींचे उपस्वर निर्माण करतो. मूळ स्वरास मध्य षड्ज म्हणा. तिप्पट कंपनांचा उपस्वर म्हणजे तार सप्तकांतला पंचम, व पांचपट कंपनांचा म्हणजे त्याहूनही वरच्या सप्तकांतला गांधार. दुप्पट कंपनांचा तार षड्ज मात्र हे डायोड देत नाहींत. तो हवा असल्यास दोन्ही अर्धे भाग असमान दाबले पाहिजेत; १९७७ सालच्या बॉस कंपनीच्या 'ओडी-१' पेटींत एका दिशेस एक व दुसऱ्या दिशेस दोन डायोड ठेवून नेमकें हेंच साधलें आहे.

एकच तार छेडली असतां गोष्ट येथें संपते. दोन तारा एकदम छेडल्या तर या मंडलांत त्यांची मिसळ होऊन, दोहोंपैकीं कोणींही न उच्चारलेले नवे स्वर जन्मास येतात; एकीच्या दुपटींतून दुसरी वजा केल्यास जीं कंपनें येतात त्यांचे ते स्वर असतात. सेकंदास ११० कंपनांचा षड्ज व सुमारे १६५ चा पंचम घ्या. ११० च्या दुपटींतून १६५ गेले, उरले ५५, म्हणजे खालचा षड्ज. १६५ च्या दुपटींतून ११० गेले, उरले २२०, म्हणजे वरचा षड्ज. सारें कुटुंब एकदिलाचें! म्हणूनच या जातीच्या वादनांत षड्ज-पंचमाची जोडी इतकी प्रिय आहे. तिच्यांत शुद्ध गांधार मिळविला कीं कुरबुर सुरू होते. गिटारीच्या पडद्यांवरील गांधार १३८.६ कंपनांचा असतो. त्याच्या दुपटींतून ११० वजा जातां १६७.२ उरतात. शेजारींच गिटारीचा खरा पंचम १६४.८ वर बसलेला आहे. या दोहोंचें भांडण सेकंदास दोन-अडीच ठोक्यांच्या वेगानें ऐकूं येतें, व गोड त्रिस्वर गढूळ होतो.

तामुरा यानें या गढूळपणाचा विचार केलेला दिसतो. वर ज्या ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरकडे आपण दुर्लक्ष केलें तो खालच्या स्वरांस मोठा अडथळा करतो. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास ८२ वेळां कंप पावते; तेवढ्या कंपनांना त्याचा अडथळा ४१,००० ओहमांचा होतो. परिणाम असा कीं, खुंटी पूर्ण फिरविली असतां वरच्या स्वरांसाठीं वर्धन ११८ पटींपर्यंत जातें, परंतु या जाड तारेच्या मूळ स्वरासाठीं तें १३ पटींच्या आसपासच राहतें. खालचे स्वर डायोडांकडे थोडेच ढकलले जातात व बरेचसे स्वच्छ उरतात. वळणाचा बिंदु सेकंदास ७२० कंपनांवर येतो. पुढें लगेच १,००० ओहमांचा रोधक व ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अशी दुसरी जोडी आहे. ती उलट वरच्या करकरीत उपस्वरांना आवरते, आणि तिचा बिंदु काढला तर ७२३ येतो! दोन्ही चाळण्या एकाच ठिकाणीं मिळाव्या हा योगायोग नव्हे. खालून एक व वरून एक अशा दोहोंनीं दाबल्यामुळें मधला भाग उठून दिसतो, आणि गर्दीच्या वाद्यवृंदांतही गिटार वेगळी ओळखूं येते. या पेटीच्या आवाजाची जी ओळख सांगतात ती मुख्यतः चार-सहा स्वस्त भागांच्या या मूल्यांत आहे.

मग त्या सुप्रसिद्ध चिपचें काय? डायोडांच्या पहाऱ्यामुळें तिच्या बाहेरच्या द्वारावरील दाब मध्यबिंदूपासून एखाद्या व्होल्टापलीकडे क्वचितच जातो; बॅटरीची मर्यादा तिच्यापासून दूर आहे. तिला स्वतः स्वर फाडण्याची वेळच येत नाहीं. तराजू सम ठेवण्याचें तिचें काम दुसरी कोणतीही बऱ्यापैकीं चिप करील. फरक पडला तर तो पाठीमागच्या खरखरीचा पडेल. ४५५८ हा क्रमांक मूळचा अमेरिकेंतील रेथिऑन कंपनीचा. पुढें अनेक कंपन्यांनीं त्याच धर्तीच्या चिपा लाखोंनीं काढल्या, व त्या सामान्य यंत्रांत वापरल्या गेल्या. टीएस ९ मध्यें तर वेळोवेळीं निराळ्या चिपाही बसविलेल्या सांपडतात. ज्यास ही गोष्ट पटत नसेल त्यानें चिपच्या जागीं खोबण बसवावी, मित्राकडून चिपा बदलून घ्याव्या, आणि स्वतः पाठ फिरवून ऐकावें. कोणती चिप आहे हें ठाऊक असतांना कान फार लवकर लांच खातात.

असें दुसऱ्याचें यंत्र उघडून त्याचा आराखडा काढणें न्यायाचें आहे काय, असा प्रश्न पालकांकडून येण्याचा संभव आहे. विकत घेतलेली वस्तु उघडून समजून घेण्यास आडकाठी नाहीं. शोधास पेटंट असेल तर तें अमलांत असेपर्यंत त्याची नक्कल करून विकतां येत नाहीं. आपल्याकडे ही मुदत वीस वर्षांची आहे. कंपनीचें नांव व छाप मात्र कधींही वापरतां येत नाहींत. कांहीं कर्ते आराखडा झांकून ठेवण्याचा निराळा उपाय करतात. अमेरिकेंत बिल फिनेगन यानें १९९४ मध्यें 'क्लॉन सेंटॉर' नांवाची पेटी काढली व तिची आंतली पाटी काळ्या इपॉक्सी रसानें लिंपून टाकली. तरीही या शतकाच्या पहिल्या दशकांत हौशी लोकांनीं तो थर उकरून मंडल काढलेंच. आंत काय निघालें? ओळखीचे वर्धक, दोन जर्मेनियमचे डायोड, आणि बॅटरीचा दाब वाढविणारी एक चिप. मंडल जगजाहीर झालें, नकला निघाल्या. जुन्या पेटीची किंमत मात्र उतरण्याऐवजीं चढतच गेली. डायोडांपेक्षां माणसाचा स्वभाव उकलणें अवघड, असें येथें वाटतें.

जो विद्यार्थी हें काम हातीं घेईल त्यानें बॅटरीवरच्या पेटीपासूनच आरंभ करावा. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कधींही उघडूं नये. त्यांत तीन-चारशें व्होल्ट असतात, व प्लग काढल्यानंतरही ते कंडेन्सरांत सांठून राहतात. डाख देतांना खिडकी उघडी असावी आणि काम होतांच हात साबणानें धुवावेत, कारण पुष्कळ डाखांत शिसें असतें. काढलेला आराखडा बरोबर आहे कीं नाहीं याची कसोटी एकच: त्यावरून दुसरें मंडल उभारावें, दोन्हींस एकच तरंग द्यावा, आणि बाहेरचे दाब शेजारी शेजारी मोजावे. जेथें फरक पडेल तेथें चित्रांत चूक आहे असें समजावें.

या कसोटीनें महागड्या टीएस ८०८ ची व स्वस्त टीएस ९ ची तुलना केली असतां डायोडांचा भाग, दोन्ही चाळण्या व खुंट्या जुळतात. स्वराच्या वाटेंत अंतर पडतें तें अगदीं शेवटीं, बाहेरच्या पिनेजवळ. टीएस ८०८ मध्यें तेथें १०० ओहम व १०,००० ओहम असे दोन रोधक आहेत; टीएस ९ मध्यें त्यांच्या जागीं ४७० ओहम व १,००,००० ओहम. टीएस ९ ची टीएस ८०८ करून देतों म्हणणारे जे दुरुस्तीवाले आहेत, ते मुख्यतः हेच दोन रोधक बदलतात. डाखाचें हत्यार तापलेलें असेल तर या कामास पांच मिनिटें लागतात.